दारापासून बर्फापर्यंत

“आई, पुढच्या वर्षी त्या आठवड्यात मी आजारी पडणार आहे हं. आत्ताच सांगून ठेवते.”

मी पोळ्या लाटत होते. लाटणे हातातच राहिले. माझी मोठी मुलगी बारा वर्षांची, सहावीत शिकते. आजारपण वर्षभर आधी ठरवता येत नाही, एवढे तिला कळते. म्हणजे दुखणे वेगळेच होते.

हळूहळू सगळे बाहेर आले. सातवीच्या मुलांना तिची शाळा हिवाळ्यात एक आठवडा डोंगरात स्कीइंगला नेते. इथली बरीच मुले तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर घसरतात. आपल्याकडे नदीकाठची पोरे पोहायला शिकतात ना, तशी. हिला मात्र पायात स्की कशी अडकवतात तेही ठाऊक नाही. “सगळ्या वरून येतील नि मी एकटी खाली उभी,” ती म्हणाली, नि ताटातली भाजी चिवडत बसली.

आम्हाला म्युनिकला येऊन नऊ वर्षे झाली. ह्यांची नोकरी इथे. मी साताऱ्याची बी.ए.; आठवड्यातून तीन दुपारी एका शाळेत मुलांचा गृहपाठ घेते, नि शनिवारी आपल्या मंडळींच्या मुलांना मराठी शिकवते. हवा स्वच्छ असली की दक्षिणेकडे आल्प्सची रांग दिसते. नऊ वर्षे आम्ही ती लांबूनच पाहिली. एकदाच जवळ गेलो, आदल्या फेब्रुवारीत, नि त्या सहलीची आठवण झाली की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

त्या वेळी शेजारणीने एका नावाजलेल्या ठिकाणाचे नाव सांगितले. नाव मोठे, म्हणजे जागा चांगलीच असणार, असे धरून आम्ही पहाटे मोटार काढली. शनिवार, शाळांना सुट्टी लागलेली. सारी दुनिया त्याच रस्त्याला. वळणावळणाच्या रस्त्यात धाकट्याला दोनदा उलटी झाली. पोचलो तर गाडी लावायची जागा एकीकडे, भाड्याने स्की मिळण्याचे दुकान दुसरीकडे नि बर्फाचा उतार तिसरीकडे. स्कीचे बूट म्हणजे पायात लोखंडी पाट्या बांधल्यासारखे; त्यांत चालताच येत नाही. त्या बुटांनिशी, खांद्यावर चौघांच्या स्की घेऊन, दोन जिने नि एक घसरडा रस्ता आम्ही पार केला. उतारावर पोचेस्तोवर दुपारचा एक वाजलेला, मुले भुकेली, मी घामाने भिजलेली नि हे गप्प. हे गप्प झाले की काय समजायचे ते तुम्हाला सांगायला नकोच.

तासाभरात परत फिरलो. गाडीत हे एवढेच म्हणाले, “आपण कृष्णाकाठची माणसं. बर्फ आपला नव्हे.” तेव्हा मीही मनातून हुश्श केले.

पण आता पोरीने आजारपण जाहीर केल्यावर ‘आपला नव्हे’ म्हणून भागणार नव्हते. रात्री सगळी निजल्यावर मी एक वही काढली. लग्नकार्यात याद्या करायची मला सवय आहे. पहिल्या पानावर मी जागांची नावे लिहिली नाहीत, एक प्रश्न लिहिला: घराच्या दारापासून बर्फापर्यंत सामान किती वेळा उचलावे लागेल?

मागची सहल बर्फाने बिघडली नव्हतीच. ती बिघडली उचला-ठेवीने. सहल ठरवताना आपण नेहमी सर्वांत धडधाकट माणसाच्या हिशेबाने ठरवतो. खरे तर ती सर्वांत आधी दमणाऱ्या माणसाच्या पायांनी मोजायला हवी. आमच्याकडे यंदा अशी दोन माणसे होती: सात वर्षांचा धाकटा, नि तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे अधूनमधून तक्रार करतात.

सासूबाईंना विचारले तर त्या लगेच म्हणाल्या, “ते सिनेमात दाखवतात ना, त्या डोंगरावर जाऊ या.” म्हणजे स्वित्झर्लंड. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. यश चोप्रांनी तिथे इतक्या सिनेमांचे चित्रण केले, की इंटरलाकेन गावाने २०१६ साली त्यांचा पुतळाच उभारला. तिथून पुढे लाउटरब्रुनेनच्या दरीवर वेंगेन नावाचे गाव आहे. तिथे मोटारी जातच नाहीत, दात्यांच्या रुळांवरची छोटी आगगाडी जाते, नि मुलांचा स्कीचा उतार गावाच्या अगदी मध्यात. वाचून मी हरखले. पण म्युनिकहून तिथे जायचे तर चार-पाच गाड्या बदलायच्या, शिवाय स्वित्झर्लंडची महागाई. वहीत मी पुढे लिहिले, ‘फक्त पाहायला, उन्हाळ्यात.’

मग गार्मिश-पार्टेनकिर्खेन. म्युनिकहून आगगाडीने जेमतेम दीड तास. पण गाव साधारण सातशे मीटरवर, नि अलीकडे इतक्या कमी उंचीवर बर्फाचा भरवसा उरलेला नाही. यंत्राने बर्फ फवारतात, पण त्यालाही थंडी लागतेच. ऑस्ट्रियातले सांक्ट आन्टोनही आगगाडीच्या वाटेवर आहे. हानेस श्नायडर यांनी तिथे शाळा काढून सामान्य माणसांना गटागटाने, सोप्याकडून अवघडाकडे स्की शिकवायची पद्धत घालून दिली. पण आज तिथले उतार पटाईत लोकांचे. इतिहास नवशिक्यांचा, डोंगर मात्र उस्तादांचा!

शेवटी बोट थांबले टिरोलमधल्या झेफेल्डवर. म्युनिकहून थेट आगगाडी, सव्वादोन-अडीच तास. स्टेशन गावाच्या मध्यातच. उंची सुमारे बाराशे मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी कमीच. गाव पठारावर वसलेले, त्यामुळे सासूबाईंना चालायला सपाट, बर्फ दाबून केलेल्या वाटा. घोड्यांच्या गाड्याही फिरतात. इन्सब्रुकच्या १९६४ नि १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या लांब पल्ल्याच्या स्की-शर्यती इथेच झाल्या. १९६४ साली बर्फ इतका कमी पडला होता, की ऑस्ट्रियाच्या सैन्याला डोंगरातून तो वाहून आणावा लागला. तेव्हा बर्फाची काळजी काही आजचीच नाही. आज ती वाढली आहे इतकेच. नवशिक्यांचा छोटा उतार गावाला लागूनच. सामान उचलायचे किती वेळा? घरातून स्टेशन, स्टेशनातून गाडी, गाडीतून मुक्काम. तीन! मी तीनवर दोनदा रेघ मारली.

तारखांना मात्र इलाज नव्हता. इथे शाळेचे दिवस बुडवून मुलांना सहलीला नेले तर दंड होऊ शकतो. बव्हेरियात कार्निव्हलच्या सुमारास आठवड्याची सुट्टी असते, त्याच आठवड्यात सगळे जातात नि भाडी चढतात. म्हणून मी ऑक्टोबरातच जागा धरली: हॉटेल नव्हे, स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची बिऱ्हाडवजा जागा. अशा जागा बहुधा शनिवार ते शनिवार देतात. पाच माणसांचे दोन वेळचे बाहेरचे जेवण वाचले, त्यात मुलांच्या स्कीशाळेची बरीचशी फी निघाली.

कपड्यांचेही तसेच. इथे शरद ऋतूत गावोगावी स्कीच्या जुन्या सामानाचा बाजार भरतो. मुले वर्षात वाढतात, म्हणून कपडे बरेचदा एकाच हिवाळ्याचे, नव्यासारखे. दोघांचे जाड कोट-विजारी तिथेच घेतल्या. हेल्मेट मात्र जुने घेऊ नये. ते आधी आपटले आहे का, हे बाहेरून कळत नाही. स्की नि बूट भाड्याने घ्यावेत. नि एक गोष्ट मला उशिरा समजली: अंगालगत सुती कपडा नको. आपल्याला वाटते सुती चांगले, पण ते घाम धरून ठेवते नि मग थंडी वाजते. आत लोकरीचे पातळ, वर ऊबदार, त्यावर वारा अडवणारे. बुटात दोन जाड मोजे घालण्याचा मोह होतो. घालावा एकच, पातळ नि गुडघ्यापर्यंतचा. दोन मोज्यांची वळी पडते नि पाय सोलवटतो.

आमच्या आजारपणाच्या विम्यात डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च, त्यातही हेलिकॉप्टरचा, बसत नव्हता. त्यासाठी वेगळा छोटा विमा काढला. सासूबाईंचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियातही चालतो, पण पासपोर्ट नि विम्याचा कागद पिशवीत वरच ठेवला. जर्मनीने २०१५ पासून त्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे.

वही भरत आली. स्कीशाळेचा अर्ज भरायचा राहिला होता. मी मुलांची नावे घातली, ह्यांचे घातले. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या.

“आणि तुझं?”

“मी कशाला, आई? स्वयंपाक आहे, तुमच्याजवळ कुणीतरी हवं...”

त्यांनी पाकळी वाटीत टाकली. “माझ्याजवळ कशाला हवं? मला वरणभात येतो की. चष्मा आहे, काठी आहे. तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस. पण माझं नाव पुढं करू नकोस, बाई.”

मला राग आला, नि पाठोपाठ लाज वाटली. कारण ते खरे होते. मी त्यांच्यासाठी थांबत नव्हते. मला भीती वाटत होती. छत्तीसाव्या वर्षी, एवढ्या लोकांसमोर, पाय वर करून पडायची भीती. वहीच्या पानापानावर मी सगळ्यांची सोय पाहिली होती. स्वतःला मात्र चुलीपाशी ठेवून सुरक्षित करून घेतले होते. नि पोरीला सांगत होते, ‘घाबरू नकोस, त्यात काय एवढं!’ ती काय आंधळी आहे?

मी अर्जावर चौथे नाव लिहिले. पूर्ण आठवड्याचे नव्हे, तीन सकाळचे. एवढेच धैर्य होते तेव्हा.

प्रवास मात्र सुरेख झाला. मोठ्या पिशव्या दोनच, नि प्रत्येकाच्या पाठीवर त्याचे त्याचे सामान. गार्मिशनंतर गाडी डोंगरात शिरते. मग मिटनवाल्ड, व्हायोलिनच्या कारागिरांचे गाव, नि पुढे सीमा. हा लोहमार्ग १९१२ सालचा. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फाने वाकलेली झाडे पाहिली नि हात जोडले. धाकट्याला उलटी झाली नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. झेफेल्डला उतरून दहाव्या मिनिटाला आम्ही मुक्कामाच्या दारात होतो. संध्याकाळी कुकर लावला. उंचीमुळे तिथे पाणी जरा कमी तापमानाला उकळते, पण कुकरला त्याचे काय? मेतकूट-भात, तूप नि खिडकीबाहेर बर्फ. हे म्हणाले, “निम्मी सहल इथेच वसूल झाली.”

दुसऱ्या दिवशी मात्र उरलेल्या निम्म्याची परीक्षा. मोठीला नवशिक्यांच्या गटात घातले, नि गटातली बाकीची मुले सहा-सात वर्षांची! तिच्या कमरेएवढी. तिचा धाकटा भाऊही त्याच गटात. दुपारी तिने खोलीत येऊन बूट फेकले. “मी उद्या जाणार नाही. तू म्हणाली होतीस इथे सोपं आहे!” मी काही बोलले नाही. काय बोलणार? सोपी वाट मी शोधली होती, पण सोपे पडणे कुठल्याही वहीत सापडत नाही.

“उद्या माझा पहिला धडा आहे,” मी एवढेच म्हणाले. “बघायला ये.”

ती आली. मी काय सांगू तुम्हाला! आमची शिक्षिका माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिने पहिल्यांदा शिकवले ते कसे उठायचे, घसरायचे नंतर. मग थांबायचे कसे ते. स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब: मुलांना ती ह्याला ‘पिझ्झा’ म्हणते. सरळ समांतर ठेवल्या की ‘पोमेस’, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या. जर्मनमध्ये मोठ्यांचा शब्द मात्र ‘नांगर’ असाच आहे, बर्फ बाजूला सारणारा नांगर. वर जायला सरकता पट्टा असतो, विमानतळावर सामान येते तसा. मी पट्ट्यावर उभी राहिले, वर पोचले, नि उतरायच्या क्षणी अशी काही आडवी झाले, की मागची चार मुले नि एक आजोबा थांबून राहिले. पट्टा बंद करावा लागला. सगळा उतार माझ्याकडे पाहत होता. भीती वाटत होती ती नेमकी हीच गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत घडून गेली.

उठले. पुन्हा पडले. पुन्हा उठले. खाली आले तेव्हा मोठी कठड्याशी उभी होती. तिला हसू आवरत नव्हते. तिच्याशेजारी सासूबाई, शालीवर कोट, कोटावर मफलर. त्या ओरडल्या, “अगं, नांगर दाबून धर! जमीन सोडू नकोस!” त्यांचे माहेर शेतकऱ्याचे.

त्या रात्री मोठीने विचारले, “आई, सगळे बघत होते. तुला लाज नाही वाटली?”

“वाटली ना. खूप.”

“मग?”

“मग काय, ते त्यांच्या वाटेने निघून गेले. आजोबासुद्धा.”

ती बराच वेळ गप्प होती. सकाळी तिने आपले बूट स्वतःच रेडिएटरपाशी वाळवून आणलेले मी पाहिले. मी काही विचारले नाही.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर तुमचा विश्वास बसणार नाही, नि तसे झालेही नाही. एक दिवस धुक्यात गेला, धाकट्याने एक हातमोजा हरवला. ह्यांनी तिसऱ्या दिवशी ‘मला तत्त्व समजलं’ म्हणून शाळा सोडली नि आईला घेऊन घोडागाडीत फिरले. मायलेक किती वर्षांनी असे निवांत बोलत बसले असतील कोण जाणे. मी तीन सकाळींनंतर आणखी एक घेतली. मुलांच्या उतारापलीकडे माझी मजल गेली नाही. मोठी मात्र शुक्रवारी गटाबरोबर निळ्या उतारावरून आली. इथे निळा म्हणजे सोपा, लाल मधला, काळा अवघड. निळाच, पण वरपासून खालपर्यंत. खाली आल्यावर तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ पुन्हा वर जायच्या रांगेत उभी राहिली.

परतीच्या गाडीत मी वही काढली. पुढच्या वेळेसाठी लिहिले: पहिले तीन दिवस मोठ्या डोंगराचा पास घेऊ नये, नवशिक्याला लहान उताराचे तिकीट पुरते. हातमोज्यांचा एक जोड जास्त. उन्हाचे मलम दिवसातून दोनदा. बर्फावरून ऊन उलटून येते नि हनुवटीखालून भाजते. मोठ्या मुलीला कोणत्या गटात घालणार, ते आधी विचारावे. ही शेवटची चूक माझी होती.

मैत्रिणींनो, तुम्हाला आल्प्स गाठायचे असतील किंवा नसतीलही. सहल महाबळेश्वराची असो की गणपतीपुळ्याची, यादी बहुधा आपणच करतो. यादी झाली की एकदा नावे मोजून पाहा. एखादे नाव चुलीपाशी राहिले असेल, नि ते तिथे कुणी ठेवले, ह्याचे उत्तर नेहमी सासू किंवा नवरा असेच असते असे नाही.

सासूबाई मार्चमध्ये साताऱ्याला गेल्या. तिथे शेजारपाजारी त्या सांगतात, की सुनेला स्की मी शिकवली. मी काही खोडून काढत नाही.

मोठीच्या शाळेचा सातवीच्या सहलीचा कागद आला आहे. फ्रिजवर लावून ठेवलाय. त्यात एक चौकट आहे: ‘नवशिकी’ की ‘थोडे येते’. तिने पेनाने ‘थोडे येते’वर खूण केली आहे. आजारपणाचा विषय काही निघालेला नाही.